मास्तरांचा आवाज बदलला

आमच्या स्टुडिओच्या भिंतींवर सोलापुरी चादरी ठोकल्यात, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. किस्से त्या चादरींत धुळीसारखे बसलेत. एखादी झटकली की चार-पाच पडतात, आणि कुठला आधीचा, कुठला नंतरचा, याचा माझा मलाच गोंधळ होतो. यासीनभाई पहिल्यांदा मास्तर झाले तेव्हाचे किस्से मात्र ओळीनं आठवतात. तेव्हा मी एकटी नाही, सगळं गावच गोंधळलं होतं!

आमचं केंद्र म्हणजे लहानसं एफएम. त्यावर ‘उद्याचा माग’ ही विज्ञान मालिका कैक वर्षं चालू आहे. मास्तर नावाचे एक गृहस्थ जुन्या यंत्रमागावर बसून काळात पुढं-मागं जातात, एवढीच मूळ कल्पना. लिहिते मी. मागाची खटखट, परग्रहावरचं वादळ, हे आवाजही मीच काढते. परग्रहावरचं वादळ म्हणजे सुपातली ज्वारी. मास्तरांचा आवाज पहिल्या भागापासून वसंतकाकांचा होता. मग लेकीनं त्यांना पुण्याला राहायला नेलं आणि आमचे मास्तर मुके झाले.

*

केंद्राचे प्रमुख कदम सर म्हणाले, “मास्तरांना मारून टाका.”

“मग मालिका कुणाची, सर?”

मी तोडगा काढला. भविष्यातून परत येताना मास्तरांच्या आवाजाचा धागा तुटतो, गाठ मारायला गेलं तर दुसराच आवाज जोडला जातो.

सरांनी विचारलं, “म्हणजे मास्तर तेच?”

“तेच.”

“पण बोलणारा दुसरा?”

“हो.”

“हे लोकांना समजेल?”

“सर, मलाच अजून नीट समजलेलं नाही.”

“मग चालेल,” सर म्हणाले. अट एकच घातली. ही एक कथा, चार भागांची. लोकांनी नवे मास्तर मानले तर ठीक, नाहीतर मालिका बंद आणि त्या वेळेत फर्माईशी गाणी.

*

यासीनभाईंचा आवाज गावाला पाठ आहे. रिक्षावर भोंगा लावून गल्लोगल्ली पाण्याच्या सूचना देणारे तेच. पाणी नाही हे इतक्या भारदस्त आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला चार क्षण बरंच वाटतं.

चाचणीला मी वाक्य दिलं, ‘मी परत आलोय. घाबरू नका.’

भाईंनी घसा साफ केला. “नागरिकांनी कृपया नोंद घ्यावी. मी परत आलोय. मी परत आलोय. घाबरू नका. घाबरू नका.”

“भाई, दोनदा कशाला?”

“एकदा गल्लीच्या ह्या तोंडाला, एकदा त्या तोंडाला. रिक्षा पुढं जाती की, ताई.”

आवाज मात्र असा होता की मीच भविष्यात जायला तयार झाले. जाताना भाई दारात थांबले. “एक बोलू? इतकी वर्षं झाली, माझा आवाज आला की लोकं हंडा उचलत्यात. एकदा तरी कुणी माझा आवाज ऐकून नुसतं ऐकत बसावं.” हसत म्हणाले, पण मला ते फार लागलं. त्या दिवसापासून ही कथा पडू द्यायची नाही असं मी मनाशी ठरवलं.

*

रेकॉर्डिंगच्या दिवशी भाईंच्या तोंडून शब्द फुटेना. चालत्या रिक्षात बोलायची सवय, स्टुडिओतली खुर्ची जागची हलेना. शेवटी त्यांचीच रिक्षा आवारात लावली, भोवती चादरी बांधल्या, माईक आणि रेकॉर्डर आत दिला आणि खुद्द कदम सर मागून रिक्षा हलवायला उभे राहिले. भाई लगेच खुलले.

तेवढ्यात फाटकातून एक अनोळखी गृहस्थ आत आले. सरांना घामाघूम बघून म्हणाले, “स्टार्ट होईना व्हय? सरका, मी मारतो धक्का.”

सर काही बोलायच्या आत रिक्षा फाटकाबाहेर, उतारावर! आतून भाईंचा आवाज येतोय, “हा वेग कसला? आपण कुठल्या शतकात चाललोय?” वाक्य कागदावरचंच होतं, पण असं ते वसंतकाकांनाही कधी जमलं नव्हतं. आम्ही तोच टेक ठेवला.

*

पहिला भाग लागला तेव्हा मी घरी रेडिओला कान लावून बसले होते. मागाची खटखट थांबली आणि भाईंचा आवाज आला, ‘मी परत आलोय. घाबरू नका.’

शेजारच्या घरात भांडी वाजायला लागली. मग समोरच्या. मग वरच्या मजल्यावर. पाठोपाठ केंद्रावर फोन, “ते पाण्याचं उद्याला हाय का परवाला?” कथेत पाण्याचा शब्दसुद्धा नव्हता!

दुसऱ्या दिवशी भाई पडेल चेहऱ्यानं आले. “ताई, आमच्या घरातबी पिंपापासून वाटीपर्यंत समदं भरलं.”

“भाभींना माहीत नव्हतं का, तुम्ही आहात म्हणून?”

“मी शेजारीच बसलो होतो की.”

*

दुसऱ्या भागानंतर कुंभारीहून एक मावशी अडुळशाची बाटली घेऊन आल्या. “मास्तरांस्नी द्या. घसा पार गेलाय त्यांचा.”

मी भाईंना बाहेर बोलावलं. “मावशी, हेच मास्तर.”

मावशींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “हे तर चांगलं धडधाकट हायती. मग आजारी कोन हाय?”

मी खूप विचार केला. मास्तर आजारी नव्हते, भाई आजारी नव्हते, काका पुण्यात ठणठणीत होते. भाईंनी मुकाट्यानं दोन चमचे अडुळसा घेतला. कुणीतरी घ्यायलाच हवा होता.

*

तिसऱ्या भागानंतर वसंतकाकांचा फोन आला. मला धास्तीच होती.

“भाग ऐकला,” काका म्हणाले. “मी बरा बोललो की गं.”

माझे डोळे भरून आले, आणि आपण नेमकं कुणाशी बोलतोय हेही क्षणभर कळेना.

*

चौथा भागही झाला. कदम सरांचा निर्णय होईना. “लोक ऐकतात का नुसतं पाणी भरतात, हे कसं ओळखायचं?” म्हणाले.

त्याच आठवड्यात पाईपलाईनच्या कामाची खरीखुरी सूचना द्यायची होती. घरी जायच्या वाटेवर मी भाईंच्या रिक्षात बसले. विणकरांच्या एका गल्लीत आम्ही शिरलो.

“नागरिकांनी कृपया नोंद घ्यावी. उद्या पाणी येणार नाही. उद्या पाणी येणार नाही.”

एकही भांडं वाजलं नाही. लोक दारात आले आणि उभे राहिले. एकानं तर खुर्ची आणून मांडली. बायका उंबऱ्याला टेकल्या. सगळी गल्ली नुसती ऐकत होती.

भाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी भाईंकडं.

पुढच्या दारात एक आजी विड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी हात वर करून रिक्षा थांबवली, मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि जवळ आल्या.

“मास्तर,” आजी म्हणाल्या, “उद्या पानी न्हाई म्हनताव. तुमी सोता जाऊन बघून आलाव काय?”

भोंगा चालूच होता.

“व्हय आजी. बघून आलो.”

एकदाच म्हणाले.

आजी घराकडं वळल्या आणि सुनेला हाक मारली, “हंडे काढ गं समदे. मास्तर बघून आल्यात.”