पान एकवीसवरची खूण

वाचनालयातल्या बाईंना मागून सगळे ‘खोडरबर’ म्हणत. तोंडावर अर्थातच ‘बाई’. त्यांच्या टेबलाच्या खणात चार खोडरबरं असत. एक मऊ, एक कडक, एक कोपऱ्यांसाठी तिरकं कापलेलं, आणि चौथं कशासाठी ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. दिवसभरात परत आलेली पुस्तकं एका ढिगात पडत, आणि संध्याकाळी त्यातलं एकेक त्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळत आणि पेन्सिलीची जी रेघ दिसेल ती पुसून टाकत. कुणी आवडलं म्हणून रेघ मारलेली असे, कुणी समासात ‘खोटं’ असं लिहिलेलं असे, तर कुणी दूधवाल्याचा फोन नंबर. बाई भेदभाव करत नसत. सगळं साफ. पानावरचा भुगा फुंकर मारून उडवायचा आणि पुस्तक कपाटात.

त्यांचा खरा दावा होता तो एका न दिसणाऱ्या माणसाशी. पातळ, गुलाबी पाठीच्या, खिशात मावणाऱ्या प्रेमकथा असतात ना, त्यांच्या एकविसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, कुणीतरी एक छोटा गोल काढून त्याला दांडी जोडत असे. नेहमी एकविसावंच पान. बाईंना वाटे, ही पोराटोरांची टवाळी. अकरा वर्षं त्या हा गोल पुसत होत्या. ढिगातलं गुलाबी पुस्तक हाती आलं की त्या आधी पान एकवीसच उघडत. सापडला की त्यांना बरं वाटे, आणि तेवढंच काय ते बरं वाटे.

कारण बाकीचं वाटणं जवळजवळ बंदच झालं होतं. दीड वर्षापूर्वी त्यांची आई गेली. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं बाईच करत. ती गेली, चार दिवस माणसं येऊन गेली, आणि पाचव्या दिवशी बाई कामावर हजर झाल्या. लोक म्हणाले, खंबीर आहेत हो. कसल्या खंबीर! रडूच आलं नाही. धाकट्या बहिणीनं फोनवर विचारलं, कशी आहेस, तर ‘ठीक’ म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. घरी जायचं, कुकर लावायचा, खिडकीपाशी बसायचं. सगळा जन्म पुस्तकांत गेला, पण दीड वर्षात एक पुस्तक त्यांच्याच्यानं पुरं झालं नव्हतं. तिसऱ्या पानावर नजर नुसती घसरत राही. हे कुणाला सांगणार? वाचनालयाच्या बाई, आणि वाचवत नाही!

तर असा एक शनिवार. दुपारची वेळ, टेबलापुढं चार-पाच माणसांची रांग. रांगेत किल्लीवाले काका होते. चौकापलीकडं त्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान, वय सत्तरीच्या आसपास, बायको नाही, मूल नाही, बोलणं मोजकं. दर शनिवारी पाच गुलाबी पुस्तकं परत करत आणि पाच नेत. एवढ्या वयाचा बाप्या माणूस प्रेमकथा नेतो म्हणून वाचनालयात थोडी खसखस पिके, पण समोर कुणी काही बोलत नसे.

काकांनी न्यायला काढलेल्या पाचांतल्या एका पुस्तकाचं शेवटचं पान बाईंनी सवयीप्रमाणं उघडलं. तिथं चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के आणि शिक्क्यापुढं सभासदाचा क्रमांक असतो. काकांचा क्रमांक तिथं आधीच दोनदा होता.

“हे तुम्ही तिसऱ्यांदा नेताय,” बाई म्हणाल्या. इथवर ठीक होतं. इथंच तोंड मिटायचं. पण जिभेला कुठला आलाय लगाम. “पण तुम्हाला काय फरक पडतो म्हणा. सगळी एकासारखी एक. असलं वाचायला डोकं थोडंच लागतं?”

मागचा एकजण हसला. काकांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. मग घाईघाईनं एकविसावं पान उघडलं आणि त्याकडं बघतच राहिले. पाचही पुस्तकं त्यांनी टेबलावर नीट रचून ठेवली, ‘बरं’ म्हणाले, आणि रिकाम्या हातांनी निघून गेले. बाईंनी पुढच्या माणसाचं कार्ड मागितलं. त्यांना काहीसुद्धा वाटलं नाही.

पुढचा शनिवार काका आले नाहीत. त्याच्या पुढचाही नाही. पाचव्या आठवड्यात वाचनालयाच्या शिपायानं पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता बातमी दिली. किल्लीवाले दुकान बंद करतायत. पुतण्याकडं चाललेत, दूर, कायमचे. डोकं चालेनासं झालंय म्हणे. लोकांच्या घरांच्या किल्ल्या आपल्या हाती, उद्या याची किल्ली त्याला दिली म्हणजे काय घ्या, असं स्वतःच म्हणत होते. एवढं सांगून शिपाई म्हणाला, “बाई, त्या दिवशी तुम्ही जरा जास्तच बोललात.” वीस वर्षांत त्यानं बाईंना असं कधी ऐकवलं नव्हतं.

बोट कापलं की आधी रक्त दिसतं आणि मग दुखतं. बाईंना रक्त दिसत होतं, दुखत नव्हतं. आपण वाईट वागलो हे त्यांना हिशेबासारखं कळलं. चूक झाली की माफी मागायची, असं आईनं शिकवलेलं. म्हणून त्या मंगळवारी अर्धी रजा टाकून निघाल्या. पिशवीत काका तिसऱ्यांदा नेत होते ते पुस्तक घेतलं. रस्ताभर वाक्य जुळवत होत्या, आणि जे जुळलं ते सरकारी पत्रासारखं होतं.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. आत किल्ल्या घासायचं यंत्र, भिंतीवर खिळ्यांच्या रांगा. अर्ध्या खिळ्यांवरच्या किल्ल्या उतरवून खोक्यात भरल्या होत्या. काका स्टुलावर बसून पाकिटांवर नावं लिहीत होते, ज्याची किल्ली त्याला परत करायला. एक नाव लिहीत, किल्ली बघत, पुन्हा नाव बघत, पुन्हा किल्ली. बाई उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या.

“काका, त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल दिलगीर आहे,” त्या म्हणाल्या. मग बाईंनी गाडी पुढं रेटली आणि आणखी खड्ड्यात घातली. तुम्ही कुणासाठी तरी नेत असाल, शेजारी कुणी आजारी असेल, कुणाला वाचून दाखवत असाल, माणसाला काय माहीत असतं, असं काहीबाही त्या बोलल्या.

“मी माझ्यासाठीच नेतो,” काका म्हणाले. “मला आवडतात. शेवटी दोघं भेटतात, ते मला आवडतं.”

बाईंचा चेहरा पडला. माफी मागायला आलेल्या बाईनं पुन्हा तेच केलं होतं. जणू काय असली आवड असायला काहीतरी सबब लागते! त्यांनी मान खाली घातली आणि या वेळी न जुळवता म्हणाल्या, “चुकलं माझं.”

काकांनी त्यांना खोक्यावर बसायला सांगितलं. राग दिसत नव्हता, तेच कठीण होतं. ते म्हणाले, तुम्ही तर उपकार केलेत, वेळेवर सांगितलंत. थोरल्या भावाचं असंच झालं होतं, आधी वाचलेलं विसरला, मग घर, मग माणसं. त्याला अंघोळ घालताना तो विचारायचा, तुम्ही कोण. त्या भीतीनं आपण एक युक्ती ठेवली होती. वाचून झालं की पुस्तकात खूण करायची. नवं घेताना ती बघायची, खूण असली तर ठेवून द्यायचं.

“तीन-चार वर्षं झाली, अर्ध्यात आलो की वाटायचं, हे वाचलंय,” ते म्हणाले. “मागं जाऊन बघायचो, तर खूण नाही. म्हणजे वाचल्याचा भास. नाहीतर खूण केल्याचा भास. मनाची समजूत घालत होतो. पण तुम्ही शिक्के दाखवलेत. दोनदा नेलंय, तिसऱ्यांदा नेत होतो, आणि खूण एकदाचीही नाही. म्हणजे मी करतोय असं मला नुसतं वाटतं. अशा माणसानं किल्ल्या करू नयेत.”

 बाईंनी विचारलं, खूण कसली.

काकांनी हातातलं पाकीट पुढं केलं. कोपऱ्यात एक छोटा गोल, त्याला दांडी. किल्ली. “दुकानाचा नंबर एकवीस,” ते म्हणाले, “म्हणून पान एकवीस. विसरायला नको.”

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळणार होतं? अर्ध्या किल्ल्या खोक्यात भरून झाल्या होत्या, माणूस आठवड्यात निघून जाणार होता. बाईंनी पाकिटावरच्या त्या गोलाकडं पाहिलं. अकरा वर्षं हाच. फुंकर मारून उडवलेला.

“मी पुसत होते,” त्या म्हणाल्या.

काकांना समजलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं. प्रत्येक पुस्तक परत आलं की पुसते. तुमची खूण असायची, दर वेळी असायची, पान एकवीस, खालच्या कोपऱ्यात, मी मुद्दाम शोधून पुसायचे. पोरांची टवाळी वाटायची. तुम्ही काही विसरला नाहीत काका. हे सांगताना बाईंचा आवाज सपाट होता.

“सगळी?” काकांनी विचारलं.

“माझ्या टेबलावर आली ती सगळी.”

काका उठले. यंत्राला टेकून पाठमोरे उभे राहिले. खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते बाईंना कळेना, आणि विचारायचा त्यांना हक्क नव्हता. शेवटी ते वळले तेव्हा डोळे लाल होते आणि आवाजात आता चांगलाच राग होता. पाच आठवडे, ते म्हणाले, पाच आठवडे मी रोज सकाळी उठून स्वतःचं नाव म्हणून बघतोय. येतंय ना अजून, म्हणून. बाई, तुम्हाला कल्पना आहे का?

बाईंना होती. आईच्या शेवटच्या वर्षात त्या रोज सकाळी तिला विचारत, मी कोण? आई कधी सांगे, कधी नाही. दीड वर्षात पहिल्यांदा ते त्यांना जसंच्या तसं आठवलं, आणि छातीत कुठंतरी खोल दुखलं. दुखतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते दुखू दिलं.

काकांनी खणातून एक कोरा कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. “हे सगळं लिहून द्या. पुतण्यानं माझ्यासाठी खोली रिकामी केलीय. मी ठीक आहे म्हटलं, तर म्हणेल, म्हातारे असंच म्हणतात. माझं नाही ऐकणार तो. तुमचं ऐकेल.”

बाईंनी मान हलवली. पिशवीत हात घालून, तीस वर्षांच्या सवयीनं, पेन्सिल काढली.

“पेन्सिलीनं नको,” काका म्हणाले, आणि खिशातलं पेन त्यांच्या हातात दिलं.

बाईंनी लिहिलं. आपलं नाव, हुद्दा, अकरा वर्षं काय केलं ते, आणि रांगेसमोर काय बोलल्या तेही, शब्द न बदलता. ते कुणी मागितलं नव्हतं. खाली सही केली, तारीख घातली. अक्षर नेहमीसारखं सुबक नव्हतं, एका ठिकाणी शाई ओली होऊन फुटली. काकांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत.

मग त्यांनी बाईंच्या पिशवीतून डोकावणारं गुलाबी पुस्तक ओढून घेतलं, पान एकवीस उघडलं, आणि त्याच पेनानं, बाईंच्या डोळ्यांदेखत, कोपऱ्यात एक गोल काढून त्याला दांडी जोडली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. पुस्तक बाईंना परत दिलं.

“हे वाचलंय मी,” ते म्हणाले. “तुम्ही न्या. शेवटपर्यंत वाचा.”

बाईंनी ते घेतलं, आणि शेवटच्या पानावरच्या कागदावर, काकांच्या क्रमांकाखाली, स्वतःचा क्रमांक घातला.