आंधळा देव

अमरावतीला कॉलेजात असताना माझ्या शेजारच्या खोलीत एक ड्रॉइंग मास्तर राहत. खोलीभर रंग सांडलेला, म्हणून ते घरातही चपला घालूनच वावरत. चित्र कशाचं आहे, असं विचारलं की चिडत. "कशाचंच नाही! नुसता रंग पाहा." मी शेतकऱ्याचा मुलगा, समजलं नाही तरी मान हलवत असे.

मुंबईच्या प्रदर्शनात त्यांचं चित्र पहिल्यांदाच जाणार होतं. महिनाभर खपून त्यांनी एक मोठा शेंदरी गोळा रंगवला. निघायच्या दिवशी टांगा दाराशी उभा असताना आतून त्यांची आरोळी आली. मी धावलो. फुलं विकणाऱ्या आमच्या घरमालकीण आजींनी गोळ्यावर मारोतीचे चांदीचे डोळे चिकटवले होते.

"आंधळा देव कावून ठेवला, मास्तर? म्या डोळे लावून देले."

"आजी, हा देव नाही! हे काहीच नाही!"

"हळू बोला. तो आयकून राह्यला."

मास्तरांनी डोळे उपटायला हात पुढे केला, क्षणभर चित्राकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. टांगा रिकामाच परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून ते चपला दाराबाहेर काढू लागले. मी भीतभीतच विचारलं, "कशासाठी, मास्तर?"

"कशासाठीच नाही!" ते चिडून म्हणाले, पण अगदी हळू आवाजात.