हक्क दोन ठिकाणी द्यावे लागतात

आमचे सर नारायण पेठेतले. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे, आणि दुरुस्ती करताना समोरच्याचा पाणउतारा केल्याशिवाय झोप येत नसे. कोथरूडमधल्या आमच्या कचेरीत ते सर्व्हर सांभाळत आणि मी त्यांच्या शिव्या. जुने फ्लॅट विकणारी आमची वेबसाइट. ती चाले एका मशीनवर, घरांचे फोटो दुसऱ्यावर.

मालकांना स्वस्तातला माणूस मिळाला तसा त्यांनी सरांना नारळ दिला. वर मला हुकूम, की सर्व्हरवरचं त्यांचं खातं आजच्या आज पुसून टाका. अहाहा! इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरं काही पुसलेलं नाही.

थोड्याच वेळात वेबसाइटवरचे सगळे फोटो गेले. घरांच्या जागी करड्या चौकटी. मग उलगडा झाला. वेबसाइट स्वतःच्या मशीनवर कितीही तोऱ्यात वावरली, तरी फोटो मागायला गेली की शेजारचं मशीन तिला विचारतं, कोणाच्या नावाने आलात? त्यासाठी तिला वेगळं खातं काढून द्यावं लागतं. सरांनी तिला स्वतःचंच नाव देऊन ठेवलं होतं. मला घरी पाठवाल तर दुकान अंधारात, असा हिशोब. त्याच नावाने नवं खातं उघडून पाहिलं, तर मशीन त्याला ओळखेना; नाव तेच, पण त्याच्या लेखी माणूस नवा. स्वस्तातला माणूस पुढच्या महिन्यात येणार होता.

मी वेबसाइटसाठी वेगळं खातं काढलं, फोटोंच्या शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरून फोटोंकडे जायच्या वाटेवर, त्याला वाचायचा हक्क दिला. चौकटी करड्याच राहिल्या. शेवटी मालकांनी सरांना बोलावणं धाडलं.

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. नोकरी हवीच होती त्यांना; या वयात दुसरीकडे कोण विचारणार? पण ऐट अशी, की जणू मुलाकडचे बोलणी करायला आलेत. आधी नेमणुकीचं पत्र, मग तोंड उघडीन, असं त्यांनी बसल्या बसल्या बजावलं. मालक आत दडून राहिले आणि त्यांनी मला चहा देऊन बाहेर पिटाळलं.

मी चेहरा पाडून बसलो. त्यांच्याशिवाय आमचं कसं अडलंय, ते तपशिलात सांगितलं. सर बशीत चहा ओतत सुखाने ऐकत होते. मग मी खडा टाकला.

"शेअरला हक्क दिलाय सर, म्हणजे तुमच्या पद्धतीनं सगळं बरोबर झालंय. मला वाटतं, केबलच खराब असणार. उद्या नवी ओढतो."

बशी खाली आली.

"केबल? अहो, इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलात की बस स्टॉपवर? शेअरला हक्क दिलात, आणि आतल्या फोल्डरला कोण देणार, तुमचे सासरे? फाटक उघडलं म्हणून माजघर उघडतं का? हक्क दोन ठिकाणी द्यावे लागतात. दोन्हींत जो कमी, तेवढाच चालतो. केबल म्हणे."

मी नम्रपणे मान डोलावली, बिस्किटं आणतो म्हणालो आणि आत गेलो. फोल्डरला हक्क दिला. धायरीचे, कोथरूडचे, सगळे फ्लॅट एकापाठोपाठ एक उजळले.

बिस्किटं मात्र मी खरंच आणली. बशी ठेवतोय तोवर मालक हसत बाहेर आले. वेबसाइट सुरू झाली, आपण उगाच त्रास घेतलात, असं काहीसं ते गोड आवाजात म्हणाले. सरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय झालं ते कळायला त्यांना वेळ लागला नाही. माणूस हुशारच होता.

ते उठले. काचेच्या दाराशी जाऊन सवयीने खिशातलं कचेरीचं जुनं कार्ड टेकवलं. दार उघडलं नाही. पुन्हा टेकवलं. पाठमोरेच म्हणाले, "हेही तुम्हीच केलंत?"

"हो सर," मी म्हणालो. "हे एकाच ठिकाणी करावं लागतं."

आणि त्यांच्या खांद्यावरून हात पुढे करून मी माझं कार्ड टेकवलं.