ग्लास सोडून

मी पहिलं घर लावलं तेव्हा माझ्याकडे ग्लास सोडून काही नव्हतं. तवा नव्हता, चटई नव्हती, दाराला कुलूप नव्हतं. पण ग्लास इतके होते की सेलूच्या बसस्टँडवर पाणपोई घातली असती तरी उरले असते. आणि प्रत्येक ग्लासावर माझ्या नवऱ्याचं नाव होतं. आधी ‘कै.’, मग नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव, आणि त्याखाली ‘यांच्या स्मरणार्थ’.

तेरवीला आलेल्या माणसाच्या हातात एखादं भांडं द्यायचं, ही आमच्या भागातली रीत. कुणी ताट देतं, कुणी तांब्या. जेवून उठलेला माणूस भांडं पिशवीत घालतो, मेलेल्या माणसासोबत घरी जातो, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्यात ताक पितो. माझा नवरा दारूने गेला. हे मी एका ओळीत लिहिलं; त्याला मात्र मरायला पुष्कळ वेळ लागला. पोट घागरीसारखं झालं, डोळे पिवळे झाले, परभणीच्या दवाखान्यात दोनदा नेऊन आणला, आणि शेवटी घरीच, गोठ्याकडच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून गेला. तरणा होता. त्याच्या बापाने स्वतः मानवतला जाऊन ग्लास आणले. जाड बुडाचे, हातात घेतले तर वजन जाणवावं असे. दुकानदार मशीनने नाव घालत होता तेव्हा सासरे शेजारी स्टुलावर बसून अक्षर न अक्षर बघत होते म्हणे. त्यांना वाचता येतं, पण बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करून.

तेरवीच्या दिवशी शेजारच्या गावात एका पुढाऱ्याची सभा निघाली. आमच्याकडे वरणभात आणि बुंदी, तिकडे मटण. माणसांनी विचार केला आणि तिकडे गेली. त्यांना दोष देत नाही. मी नवऱ्याची बायको नसते तर मीही गेले असते. निम्म्याहून जास्त ग्लास पोत्यातच राहिले.

पुढे मला सेलूला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. सासरी मला कुणी ‘जा’ म्हटलं नाही, पण माझ्या खोलीत दिराने आधी खताच्या गोण्या ठेवल्या, मग फवारणीचा पंप, मग शेळीची दोन पिल्लं. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू माझ्या उशाला झोपलेलं दिसलं, तेव्हा मला निरोप कळला. मी म्हटलं, पोरगी घेऊन सेलूला जाते. पोरगी माझी एकच, तेव्हा दुसरीत होती.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते दावणीपाशी बसले होते. माझ्याकडे न बघता बोलले.

“पोरगी कुठं ठिवणार?”

“खोली केलीय मामा. पत्र्याची हाय, पण चांगली हाय.”

“खोली म्हंजी घर न्हवं. घर लाव आधी. मी येऊन बघतो. पोरगी ऱ्हाण्यासारखं असंल तर ठिवतो, न्हाईतर माघारी आणतो.”

त्यांच्या शब्दापुढे बोलायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. पोरगी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती. तिच्या नाकाची ठेवण हुबेहूब बापाची. म्हातारा ते नाक सोडायला तयार नव्हता, आणि मला ते तेव्हाही कळत होतं. कळून उपयोग काय? मी एकटी निघाले.

निघताना सासूने, म्हणजे आत्याबाईंनी, ते पोतं ओढत आणून माझ्यापुढे ठेवलं. मामा शेळ्या घेऊन ओढ्याकडे गेले होते.

“हे ने बाई.”

“एवढे गिलास मी काय करू आत्याबाई?”

“पाणी पी, न्हाईतर फेकून दे. पर घरातून ने. म्हातारा रोज सांजच्याला पोत्यापाशी बसायलाय. एकेक काढतो, पुसतो, परत ठिवतो. मला बघवत न्हाई.”

“इचारलं तर?”

“वाटून टाकले म्हणून सांगते.”

असा माझा रुखवत निघाला. एसटीच्या कंडक्टरने पोत्याला पाय लावून विचारलं, “मावशी, हाटेल टाकायलाव का?” मी म्हटलं, “हो, या एकदा.”

खोली कापसाच्या एका गोदामामागे होती. हंगामात जिनिंग मिलकडून कापसाच्या रुईचे कण उडत येत आणि सगळ्यावर बसत, भातावर, अंथरुणावर, पापण्यांवर. घर लावताना पहिली वस्तू कोणती घ्यायची यावर बायकांची भांडणं होतात. एक म्हणते केरसुणी, दुसरी म्हणते मीठ. मी केरसुणी घेतली, आणि लक्ष्मी म्हणून नव्हे, तर रुईला इलाज नव्हता म्हणून. मग नळ. नळ म्हणजे आठवड्यातून कधीतरी येणारा पाहुणा, त्यामुळे झाकणाचा निळा ड्रम आला. मग तवा, पोळपाट, पितळी तांब्या, छोटी गॅसची टाकी, कुलूप, चटई. चटईनंतर मच्छरदाणी, कारण पोरीला डास चावले की फोड येतात. एका पगारात एक-दोन वस्तू. प्रत्येक वस्तू आणली की मी ती दारातून आत ठेवायचे, मागे सरून कमरेवर हात ठेवायचे आणि मामांच्या डोळ्यांनी बघायचे. मग मामांच्या आवाजात नापास करायचे. “हे काय झाकण हाय?” असं स्वतःलाच म्हणून मी एकदा झाकण बदलून आणलं.

हंडा घेतला तेव्हा भांड्यांच्या दुकानदाराने मशीन हातात घेतली आणि विचारलं, “नाव काय टाकू?”

मी माझं नाव सांगितलं.

“आधी सौ. टाकायचं का...” तो माझ्या गळ्याकडे बघून थांबला. “श्रीमती टाकतो.”

“काही टाकू नका. कोरा द्या.”

“चोरीला गेला तर वळखू येत न्हाई ताई.”

“नाव घातलेला माणूस गेला भाऊ, हंड्याचं काय घेऊन बसलाव.”

तो बिचारा मशीन खाली ठेवून म्हणाला, “गिलास पाहिजेत का? नवे आलेत.”

“गिलास लय हायत,” मी म्हटलं आणि हसले. तो का हसायचं ते न कळता हसला.

ग्लासांचं मी काय केलं नव्हतं? एकात हळद, एकात मोहरी, एकात सुया, एकात दात घासायचा ब्रश. एक पालथा घालून त्यावर दिवा ठेवायचे. उरलेल्यांतून पाणी, चहा, ताक. आमच्याकडे बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तो जिवंत होता तोवर मी ते ओठांवर येऊ दिलं नाही, आणि आता प्रत्येक घोटाला ते ओठांना लागत होतं, खरखरीत. सुरुवातीला ग्लास फिरवून प्यायचे. मग सवय झाली. माणसाची झाली नाही तेवढी त्याच्या नावाची झाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी मामा आले. सोबत पोरगी. तिची पिशवी त्यांच्या खांद्याला होती, आणि पिशवी त्यांनी आत आल्यावरही उतरवली नाही. ऊन असं होतं की पत्रा कडकड वाजत होता. मामा बसले नाहीत. बाजारात जनावर बघतात तसं घर बघायला लागले. दाराची कडी लावून काढून पाहिली. ड्रमवर बोटाने टकटक करून पाणी किती आहे ते ऐकलं. तवा उचलला, उलटा करून पाहिला, ठेवला. मच्छरदाणीचं कापड दोन बोटांत चुरगाळलं. मी भिंतीला टेकून उभी, आणि पोरगी मधोमध, माझ्याकडे यायचं की नाही याचा हुकूम न मिळालेली.

“पत्रा तापतो.”

“दुपारच्याला वसतिगृहात घेऊन जाईन मामा. तिथं पंखे हायत.”

“हम्म.” बऱ्याच वेळाने ते चटईवर टेकले. “घर हाय,” म्हणाले. “पाणी दे.”

मी जिंकले होते. त्या आनंदात मी नेहमीसारखा हात मांडणीवर नेला, ग्लास काढला, भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी ग्लास तोंडाजवळ नेला आणि थांबवला. मग लांब धरला. बोट अक्षरांवर ठेवलं. पहिल्या अक्षरालाच कळलं असणार, पण ते शेवटपर्यंत वाचत गेले, ‘स्मरणार्थ’मधल्या रफारासकट. ग्लास खाली ठेवला.

“हे हितं कसं?”

मी पदराने हात पुसले.

“दुसरा दे.”

दुसरा दिला. त्यांनी न वाचता ठेवला.

“दुसरा म्हणलं मी.”

“समदे तेच हायत मामा.”

“समदे?” त्यांची नजर मांडणीवर गेली आणि तिथून हलेना. हळदीचा, मोहरीचा, ब्रशचा. ब्रशावर ती जास्त वेळ राहिली. एवढ्या वस्तू एकेक करून जमवल्या, रुईवर झाकणं आणली, डासांवर जाळी आणली, आणि घरात बाहेरच्या माणसाने पाणी प्यावं असा एक ग्लास नाही. ही चूक करायला फार मोठं डोकं लागतं.

मामा उठायला लागले. भिंतीला हात लावून उठत होते.

“ज्या घरात पाणी प्यायला गिलास न्हाई, त्या घरात पोरगी कशी ठिवू?”

पोरगी म्हणाली, “आबा, मला तहान लागलीय,” आणि खाली ठेवलेला ग्लास उचलून गटागटा प्याली. मग रिकामा ग्लास डोळ्यांपुढे धरून मोठ्याने वाचायला लागली, दुसरीतल्या सुरात. मामांनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

मी बाहेर पळाले. घरमालकीण शेजारीच राहते, किराणा दुकान चालवते, जिभेला हाड नाही. तिला म्हटलं, एक ग्लास दे, लवकर. तिने स्वतःच पाणी भरून आणलं, कारण माझा सासरा कसा दिसतो ते तिला बघायचं होतं. मामांनी ग्लास घेतला, आणि माझे डोळे मिटले. त्याच्यावरही ‘कै.’ होतं.

मामांनी बोट ठेवून वाचलं. “ह्ये कोण?”

“आमच्या ह्यांच्या आत्याचे मालक,” घरमालकीण म्हणाली.

“कशानं गेले?”

“कशानं म्हंजी, वय झालं होतं. पणतवंडं होती. सकाळी च्या पिले, भिंतीला टेकून बसले, ते बसलेच.”

“पोरं खांदा द्यायला होती?”

“पोरं, नातू, समदे. बँड लावला होता.”

“चांगलं झालं,” मामा म्हणाले, आणि ते पाणी एका दमात प्याले. “अजून दे.” तेही प्याले. गळ्याची घाटी वरखाली होताना मी बघत होते. घरमालकीण मला नजरेनं विचारत होती, काय चाललंय? मी मान हलवली.

मग त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली.

“ते समदे बांध.”

“काय मामा?”

“गिलास. पोतं हाय का तेच?”

तेच होतं. हळद मी कागदावर ओतली, मोहरी वाटीत, सुया उंबऱ्यावरच्या चिंधीत खोचल्या. ब्रशचा ग्लास त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि स्वतः धोतराच्या सोग्याने आतून पुसला. मी एकही ठेवून घेतला नाही, आणि त्यांनीही ठेव म्हटलं नाही. पोतं बांधून झालं तरी पोरीबद्दल कुणी बोलेना.

शेवटी मीच म्हटलं, “मामा, पोरगी?”

“पोरगी काय? तिची पिशवी ठिवली की खाली.” मग पोत्याची गाठ ओढून बघत, “एका वक्ताला एकच नेता येतं मला.”

आम्ही दोघी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. मानवतच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली. पोतं मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, बाबा, वर टाका. बाबांनी ऐकलं नाही. गाडी हलली तसं पोतं वाजलं, आणि मामांनी त्याच्यावर हात ठेवला. थोपटलं म्हणा हवं तर. खड्ड्यातून गाडी गेली, परत वाजलं, परत हात. वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो हात मला दिसत होता. पोरगी बाय करत होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

परत आलो. मांडणीवर ग्लासांचे गोल डाग तेवढे उरले होते, धुळीतले. भांड्यांचं दुकान रविवारी बंद असतं. पोरीने तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि प्यायला लागली. तांब्या उष्टा करू नको, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तिने तांब्या खाली केला, तोंड पुसलं. मी तो घेतला आणि उरलेलं पाणी तशीच, तोंड लावून प्याले. पितळ गुळगुळीत लागलं. तिथे काहीही लिहिलेलं नव्हतं.