मथुराबाईंची पात

मथुराबाईंच्या पायाला स्वस्थता म्हणून नव्हती. चुलीपासून अंगणात, अंगणातून परत चुलीपाशी. आर्णीची सकाळची बस दोन महिन्यांपासून बंद, आणि नवऱ्यानं, देवरावांनी, निकाल देऊन टाकलेला, "सोमवारपर्यंत बस नाई आली, तं दिपालीचं कॉलेज बंद. आठ किलोमीटर पोरगी एकटी धाडू काय?"

त्यात बससाठी गावातल्या बायांनी केलेला परवाचा रास्ता रोको अंगाशी आला. दिवस निवडला तो नेमका बाजाराचा! भाजीचे टेम्पो अडकले, लोकांनी शिव्या घातल्या. गॅरेजवाला अब्रार आजारी आईला घेऊन तासभर उन्हात उभा होता. ते काही मथुराबाईंच्या मनातून जाईना. शेवटी त्या गॅरेजपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"अब्रार, चुकलं आमचं. अम्मी कशी हाय?"

"आता इचारता, चाची? तवा तं सडक सातबाऱ्यावर चढवली होती तुम्ही!"

"उद्यापासून नाई अडवत. पोरींसंगं कॉलेजपर्यंत चालत जातो."

"चालून काय होते?"

"मले काय माहीत बापा! पण घरी बसवत नाई."

कापूस वेचताना प्रत्येकीची पात, म्हणजे ओळ, ठरलेली असते. दुसरीच्या पातीत शिरायचं नाही. आपली संपली की मागं राहिलेलीला हात द्यायचा. मथुराबाईंनी हाच कायदा डांबरी सडकेवर लावला. अकरा पोरी, चौदा बाया, कडेकडेनं एकामागं एक.

पुतण्या कपिल फुरफुरत होता. "काकू, काच फोडल्याबिगर कोणी आयकत नाई!"

"एक काच फुटली का लोक आपले राहत नाईत. ते मागं राह्यली ना, तिचं दप्तर घे."

गुलाबी दप्तर खांद्यावर घेऊन कपिल निघाला. पोरी खिदळल्या.

पहिल्या दिवशी लोकांनी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, "काहून चालून राह्यल्या?" तिसऱ्या दिवशी अब्रारनं गॅरेजचं शटर खाली ओढलं आणि ओळीत आला. "अम्मी म्हणते, माफी मांगाले आलती ते बाई, तिच्यासंगं जा." त्याला पाहून दोन टेम्पोवालेही ओळीत शिरले, रास्ता रोकोत शिव्या घालणारेच. एवढी माणसं पाहून वाटेवरच्या डेपोतून बसचे साहेब बाहेर आले. "सोमवारपासून सोडायचा प्रयत्न करतो."

संध्याकाळी देवरावांनी खाकरून विचारलं, "अन् सोमवारी नाई आली तं?"

"तं मंगळवारी तुम्हीबी चपला घाला."

देवरावांनी दाराशी पडलेल्या आपल्या चपलांकडं पाहिलं. मग म्हणाले, "किती वाजता निघता?"