हार्पवर ‘हं’ म्हणणारा माणूस

शशिधर गजभियेला कुणी विचारलं की आज पाऊस येईल का, तर तो आधी फोनमध्ये बघतो, मग खिडकीबाहेर बघतो, आणि दोघांचं एकमत झालं तरच मान हलवतो. कार्डिफमध्ये राहणाऱ्या माणसाला खरं तर इतकी उठाठेव करायची गरज नाही. ‘येईल’ म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण अंदाजपंचे बोलणं शशिधरच्या स्वभावातच नाही. नागपुरात पाठांतराच्या जोरावर तो बी.फार्म.ला पहिल्या वर्गात आला, आणि इथे हॉस्पिटलच्या फार्मसीत त्याची अर्धी हयात औषधं तपासण्यात गेली. दुसऱ्याने तपासलेली बाटली तो पुन्हा तपासतो, आणि स्वतः तपासलेली जरा जास्तच. पेशंटांसाठी असा माणूस लाखमोलाचा. घरात मात्र तो फोडणीला मोहरी किती घालू हे विचारतो, आणि ‘अंदाजाने’ असं उत्तर आलं की हातात चमचा धरून तसाच उभा राहतो.

त्याची बायको रचना नेमकी उलट. ती कौन्सिलच्या लायब्ररीत काम करते. तिथे दिवसभर हळू बोलावं लागतं, त्याची भरपाई ती संध्याकाळी स्वयंपाकघरात करते. बसच्या ड्रायव्हरपासून निघालेली तिची गोष्ट नागपूरच्या इंदोऱ्यातल्या मावशीच्या गुडघ्यांपर्यंत कधी पोचते ते कळत नाही. शशिधर कांदा चिरत उभा असतो, आणि ती श्वास घेते तिथे ‘हं’ म्हणतो. मुलगी अक्षया साउथहॅम्प्टनला शिकायला गेल्यापासून घरात ‘हं’ म्हणायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

“तुम्ही ऐकता कुठे माझं?” रचना अधूनमधून उसळते. “नुसतं हं हं करता.”

“ऐकतोय ना.”

“मग मी आत्ता काय म्हणाले?”

शशिधर शेवटचे चार शब्द बिनचूक सांगतो. “हे तर पोपटही सांगेल,” असं म्हणून रचना पुढे चालू. भांडण असं नसतंच ते. पण तिच्या मनात ती एक बारीक सल होती, आणि शशिधरला ती ठाऊक होती. आपण ऐकतो हे सिद्ध कसं करायचं, हे मात्र त्या फार्मसिस्टला काही केल्या सुचत नव्हतं.

अशा माणसाच्या आयुष्यात हार्प आली ती जेवणाच्या सुट्टीत. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर महिन्यातून एकदा मेलेरी नावाच्या वेल्श बाई येऊन हार्प वाजवायच्या. पांढरे केस, पायात चिखलाचे बूट, आणि खांद्याला टेकवलेली ती कमानदार लाकडी हार्प. शशिधर डबा हातात घेऊन उभाच राहिला. बाईंचं वाजवून झाल्यावर त्याने पुढे जाऊन विचारलं, “इतक्या सारख्या दिसणाऱ्या तारांमधून नेमकी तार सापडते कशी?” बाईंनी दाखवलं: सा-रे-ग-मसारखी सात सुरांची रांग पुन्हापुन्हा येते, त्यातली एक तार लाल, एक निळी, बाकीच्या त्यांच्या आधाराने ओळखायच्या. रंगांनी खुणा केलेली, चुकायला वाव नसलेली व्यवस्था बघून शशिधरला मनापासून बरं वाटलं. “बुधवारी संध्याकाळी चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये ये,” बाई म्हणाल्या. “नवशिक्यांना आम्ही हार्प घरी न्यायलाही देतो.”

“पन्नाशीनंतर लोक गुडघ्याचा डॉक्टर शोधतात, तुम्ही हार्प शोधली,” रचना म्हणाली. मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवलेली हार्प बघून तिने आणखी एक टोला हाणला, “मला कधी इतकं जपून बसवलं नाही बाप्पा!”

पहिले काही महिने शशिधरची घोडदौड होती. अंगठा वर, करंगळीला कायमची सुट्टी, बोट तारेवरून सोडलं की मुठीत मिटायचं. समोर कागद असला की तो जे लिहिलंय ते आणि तेवढंच वाजवायचा. मग एका बुधवारी मेलेरीबाईंनी सगळ्यांचे कागद गोळा केले आणि पियानोवर पालथे ठेवले. “डाव्या हाताने या दोनच तारा छेडत राहायच्या. उजव्या हाताने मनाला येईल ते. आज जे वाजेल ते उद्या वाजू नये, इतकाच नियम.”

शेजारच्या निवृत्त पोस्टमनने डोळे मिटून सुरुवात केली, बेकरीतली मुलगी तर हसत हसत सुटलीच. शशिधरच्या बोटांना घाम फुटला. मनाला येईल ते म्हणजे काय? मनाला काही येतच नव्हतं. त्याने डाव्या हाताच्या दोन तारा इमानदारीने वाजवल्या आणि उजवा हात मांडीवर ठेवून वेळ काढला.

पण हार मानेल तो गजभिये कसला! आठवडाभर त्याने हार्पशी झुंज घेतली. एक छोटीशी सुरावट जुळवली, सुधारली, आणि लहानपणी बेचा पाढा घोकावा तशी घोकली. पुढच्या बुधवारी त्याने ती ‘मनाला येईल तशी’ वाजवली. मध्ये जरा थबकला, जणू काही आत्ताच सुचतंय. ते थबकणंही त्याने पाठ केलेलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमनने पाठ थोपटली.

“लव्हली, शशी!” मेलेरीबाई म्हणाल्या. “आता दुसरं काहीतरी.”

शशिधरने तेच वाजवलं, थबकण्यासकट.

“आता अगदी वेगळं.”

शशिधरने तेच जरा जोरात वाजवलं. आता मात्र बाईंच्या लक्षात आलं, आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शशिधरला कानकोंडं झालं. “आमच्याकडे,” तो म्हणाला, “तयारी न करता लोकांपुढे बसणं म्हणजे लोकांचा अपमान समजतात.”

बाई हसायच्या थांबल्या. “चांगली रीत आहे,” त्या म्हणाल्या. “पण तू स्वतःची तयारी करतोस शशी, समोरच्याची कोण करणार? आधी ऐक. वाजवायची घाई कुणालाही नाही.” शशिधरने हे वाक्यही पाठ केलं. अर्थ मात्र लागला नाही.

इतक्यात एप्रिल जवळ आला. कार्डिफमधली बौद्ध मराठी कुटुंबं दरवर्षी एका शनिवारी कम्युनिटी हॉल घेऊन भीमजयंती साजरी करतात. वंदना, भाषणं, बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, आणि शेवटी गाणी. गाण्यांचा मान रचनाचा. तिच्या वडिलांची नागपुरात गायन पार्टी होती, ते स्वतः गाणी रचायचे, आणि लहानपणी ती त्यांच्यामागे कोरसमध्ये बसायची. इथे साथीला पेटीवाला विक्रांत होता. त्याला केंब्रिजला नोकरी लागली आणि तो पेटीसकट गेला. मागच्या जयंतीला फोनवरचा ट्रॅक लावून गायची पाळी आली. लोकांनी एक ओळ पुन्हा मागितली, रचनाने ती पुन्हा घेतली, आणि ट्रॅक आपला पुढच्या कडव्यात निघून गेला. रचना मधेच थांबली, हात जोडले आणि खाली बसली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. इतकी शांतता शशिधरने त्या गाडीत कधी ऐकली नव्हती.

“यंदा मी गाणार नाही,” तिने आता जाहीर केलं. “मशीनला दम लागत नाही, मला लागतो.”

ही बाई गायची थांबली तर आपलं घर अर्धं रिकामं होईल, हे शशिधरला हिशेब न करताही कळलं. म्हणून, आयुष्यात पहिल्यांदाच फोन आणि खिडकी दोन्हीकडे न बघता, तो बोलून गेला, “मी देतो साथ. हार्पवर.”

रचनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही? साथ द्यायची म्हणजे समोरच्याचं ऐकावं लागतं.”

पण ती तयार झाली. कदाचित त्याचा उतरलेला चेहरा बघून.

तालमीत व्हायचं तेच झालं. शशिधरने तिचं गाणं गुपचूप फोनवर टेप केलं होतं आणि त्याबरहुकूम साथ बसवली होती, प्रत्येक श्वासाची जागा धरून. पण भीमगीत गाणारं माणूस दोनदा सारखं गाईल तर शपथ! रचनाने पहिली ओळ लांबवली, दुसरी गिळली, मधे वडिलांचा एक शेर घातला. शशिधर आपल्या वाटेने चालत राहिला आणि तिच्याआधी शेवटाला पोचला.

“त्या ट्रॅकमध्ये आणि तुमच्यात फरक काय?” तिने विचारलं. चिडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती थकून बोलली. शशिधर रात्रभर तळमळला, आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा तीच साथ घोकायला बसला. दुसरं काही येतच नव्हतं ना त्याला!

शनिवार उजाडला. हॉल गच्च भरला होता. भाषणं झाली, पोरांनी अडखळत मराठीत विचार मांडले, रश्श्याचा वास दरवळला. मग रचना उभी राहिली, आणि तिच्या शेजारी हार्प खांद्याला टेकवून शशिधर. तारा तिच्या सुराला लावून घेतल्या होत्या, त्यात कसूर नव्हती. पोरं हार्पकडे टकामका बघत होती. रचनाने वडिलांचं गाणं सुरू केलं:

“मोळी ठेवली खाली गं माय, वही घेतली हाती...”

शशिधरने पाठ केलेली साथ धरली. पहिली ओळ जमली. दुसरी जमली. आणि पहिल्या रांगेतल्या चंदाबाई, ज्या सुनेच्या बाळंतपणासाठी नागपूरहून आल्या होत्या, त्या पदर सावरत ओरडल्या, “पुन्हा घे ना वो बाई ते! माझ्या आईनं अशीच ठेवली होती मोळी!”

रचनाने ओळ पुन्हा घेतली. आणि शशिधरची बोटं, घोकल्याप्रमाणे, पुढच्या कडव्यात शिरली.

रचनाचा आवाज हलला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मागच्या वर्षी फोनकडे पाहिलं होतं तसंच. आता ही हात जोडणार, शशिधरला वाटलं, आता ही खाली बसणार. त्याने दोन्ही तळवे तारांवर ठेवले. हार्प गप्प झाली. जे काही पाठ होतं ते सगळं क्षणात डोक्यातून गेलं, आणि समोर फक्त रचना उरली.

आवाज तोलत तिने ओळ पुन्हा घेतली, संपवली, आणि श्वास घेतला.

बायकोने श्वास घेतल्यावर काय करायचं, हे शशिधरला शिकवावं लागत नव्हतं. त्याची दोन बोटं आपोआप तारांवर पडली. दोनच सूर, हलके. स्वयंपाकघरात कांदा चिरताना तो म्हणतो तसं, ‘हं’.

रचनाच्या भुवया वर गेल्या. तिने पुढची ओळ घेतली. पुन्हा श्वास, पुन्हा तारांवर ‘हं’. ओळ रागाची आली तेव्हा तो ‘हं’ खालच्या जाड तारांवर गेला, कारण लायब्ररीतल्या मॅनेजरची गोष्ट ऐकताना त्याचा ‘हं’ असाच खाली उतरतो. वहीची ओळ आली तेव्हा तो वरच्या तारांवर चढला, अक्षयाचा फोन आल्यावर चढतो तसा. कुठे ती रडवेली होते, कुठे मुद्दाम लांबण लावते, कुठे उत्तर नको असतं आणि नुसतं गप्प उभं राहायचं असतं, हे सगळं त्याला माहीत होतं. पाठ केलेलं नव्हतं. तिच्यासोबत राहून राहून अंगात मुरलं होतं.

मग रचनाने गंमत केली. शेवटच्या कडव्यात ती ओळ अर्ध्यावर सोडून थांबली, श्वासही न घेता, आणि तिरक्या नजरेने नवऱ्याकडे बघत राहिली. शशिधरने वाजवलं नाही. त्याला ठाऊक होतं, गोष्टीतली खरी बातमी सांगायच्या आधी ती अशी थांबते, आणि तिथे ‘हं’ म्हटलेलं तिला मुळीच खपत नाही. मग तिने बाकीची अर्धी ओळ अशी काही फेकली की चंदाबाईंसकट सगळ्यांनी ध्रुवपद उचललं, आणि शशिधरची बोटं मनाला येईल तिथे धावत सुटली. करंगळीसुद्धा एकदा चुकून लागली. कुणाला कळलं नाही.

टाळ्या बराच वेळ चालल्या. मेलेरीबाईंना हे ऐकवायला हवं होतं, असं शशिधरला वाटलं. मग लक्षात आलं की पुन्हा असंच वाजवून दाखव म्हटलं तर आपल्याला अजिबात येणार नाही. ह्या विचाराने त्याला चक्क आनंद झाला.

परतताना पाऊस लागला. हार्प मागे बेल्ट लावून बसली होती. रचना पुढे, मांडीवर उरलेल्या रश्श्याचा डबा धरून. ती चंदाबाईंच्या आईची गोष्ट सांगत होती, त्यातून तिच्या आजीवर गेली, आजीवरून वडिलांच्या पार्टीवर. शशिधर गाडी चालवत होता आणि जागच्या जागी ‘हं’ म्हणत होता. सिग्नलला ती एकदम थांबली.

“म्हणजे तुम्ही ऐकत होतात,” ती म्हणाली. “इतकी सगळी वर्षं.”

शशिधरने मान हलवली. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं. पण तयारी नव्हती.

“आणि मी आपली पोपट म्हणत राहिले,” असं म्हणून तिने डोळे पुसले आणि हसली. सिग्नल हिरवा झाला. डबा सावरत तिने हळू आवाजात तीच ओळ धरली, मोळी ठेवली खाली गं माय, वही घेतली हाती, आणि श्वास घेऊन वाट पाहत राहिली.

“हं,” शशिधर म्हणाला.

मग ती पुढची ओळ गायली.