धोंडू तोडणकर आणि गांधीलमाश्या

प्रभादेवीच्या आतल्या गल्लीतल्या चाळीत धोंडू तोडणकर जन्मापासून राहत होते, पण चाळीला त्यांची आठवण यायची ती पोळं दिसलं की. एरवी ते कुणाच्या खिजगणतीत नव्हते. दादरला एका फ्रेमवाल्याच्या दुकानात काचा कापायचे, संध्याकाळी घरी येऊन अंगणात खुर्ची टाकायचे, आणि कुणी बोललं तर बोलायचे. मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांना कधी कुणी घेतलं नाही. लहानपणी चाळीच्या क्रिकेट टीममध्ये होते खरे, पण ते गटारात गेलेला चेंडू काढायला.

आणि अशा माणसाच्या हाती देवाने एकच हुकमाचं पान दिलं होतं. कुठल्या छज्ज्याखाली गांधीलमाश्यांनी पोळं धरलं, की मग बघावा तोडणकरांचा थाट! मंडपाचा लांब बांबू, टोकाला रॉकेलात भिजवलेलं फडकं, अंगात नुसता गंजीफ्रॉक. अंग झाकून माश्यांपुढे जाणं त्यांना कमीपणाचं वाटे. अंगणाच्या मधोमध उभं राहून ते आरोळी ठोकायचे, "खिडक्या लावाऽऽ!" आणि चाळीतल्या झाडून सगळ्या खिडक्या धडाधड लागायच्या. जे चाळीच्या चेअरमनला कधी जमलं नाही, ते तोडणकर एका आरोळीत करायचे. शेवटची हाक स्वतःच्या घराकडे असायची. "अंबिके, खिडकी लाव आणि आत बस!"

मग पलिता पेटायचा, पोळं भडकायचं, जळक्या माश्या टपटप पडायच्या. ज्या पडायच्या नाहीत त्या तोडणकरांना कडकडून चावायच्या, नाहीतर पळत्या पोरांना. एकदा तर वरच्या मजल्याची ताडपत्रीच पेटली आणि लोकांनी बादल्या ओतल्या. तीसुद्धा तोडणकरांची मर्दुमकी म्हणून सांगितली गेली. अर्थात सांगणारे बहुतेक वेळा तेच असत.

सुजलेले हात मिरवत घरी आले, की बायकोला त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा. "खिडकी लावली होतीस ना? कडी?"

"कडीसुद्धा," अंबिका म्हणायची आणि हातांना चुना लावायला बसायची.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिने एकदा विचारलं होतं, "मी बांबूचं मागचं टोक धरू का? तुमचा हात हलतो." तोडणकर अख्ख्या अंगणासमोर हसले होते. "घ्या! पोळ्या करायच्या सोडून ही पोळं काढायला निघाली!" अंगणही हसलं. अंबिकेने पुन्हा कधी विचारलं नाही. ती खिडकी लावून, काचेला नाक टेकवून बघत राहायची.

असं सगळं छान चाललेलं असताना मागच्या पावसाळ्यात गच्चीवरच्या टाकीजवळ एक गांधीलमाशी तोडणकरांना मानेवर चावली. एकच. इतकी वर्षं ढिगाने चावल्या तरी काही झालं नव्हतं, म्हणून ते हसतच खाली आले, आणि जिन्यातच त्यांचा श्वास अडकला. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली. अंबिकेने त्यांना टॅक्सीत कोंबून हॉस्पिटल गाठलं म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "काका, तुमच्या अंगाला हे विष आता सोसत नाही. पुन्हा चावली तर इथवर पोचाल याची खात्री नाही. पोळ्याच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही."

चाळीत तोडणकरांनी ॲसिडिटी झाली म्हणून सांगितलं. खरं एकट्या अंबिकेला ठाऊक होतं.

महिन्याभरात जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या वर पोळं दिसलं. पोरं हाका मारत आली, तेव्हा तोडणकर कंबर धरली म्हणून पांघरूण घेऊन पडून राहिले. "मीटरपाशी आग कशी लावायची, बघू दोन दिवसांनी," असं आतूनच म्हणाले. दोन दिवस कुणी थांबलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आग्नेसबाईंची नवी सून मेलानी खाली आली. मूळची वसईची, वाडीत वाढलेली, आता कुठल्याशा दातांच्या दवाखान्यात कामाला. तिने आधी पोरांना आणि म्हाताऱ्यांना घरात पाठवलं. मग दिवेलागण होऊन माश्या पोळ्यावर परतेपर्यंत थांबली. अंगात नवऱ्याचा रेनकोट, हातमोजे, तोंडावर मच्छरदाणीची जाळी. बॅटरीच्या काचेवर लाल कागद, कारण लाल उजेडाकडे म्हणे माश्या झेपावत नाहीत. लांबवर जाणारा फवारा मारला, मागच्या मागे घरी गेली, आणि सकाळी पोळं निपचित आहे असं बघून ते खरवडून पिशवीत बांधून टाकलं. ना आरोळी, ना धूर. कुणालाही एकसुद्धा माशी चावली नाही.

झालं! तिथून पुढे तोडणकरांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना. चाळीच्या ग्रुपवर कुणी पोळ्याचा फोटो टाकला, की खाली लगेच "मेलानी, प्लीज" असं यायचं. धोंडूकाकांचं नाव कुणी घेत नव्हतं, चुकूनसुद्धा नाही. काम झालं की अंगठ्यांची रांग लागायची. तोडणकर ती रांग खालपासून वरपर्यंत बघायचे, कोणी कोणी अंगठा दिला ते मनात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाशी बोलायचे नाहीत. अशाने हळूहळू अर्ध्या चाळीशी त्यांचा अबोला झाला. अर्ध्या चाळीच्या तो लक्षातही आला नाही.

समोरच्या आंब्यावर मधमाश्यांचं मोहोळ बसलं, तेव्हा मेलानीने त्याला हात लावू दिला नाही. मोहोळ जिवंत उचलून नेणाऱ्यांना फोन करून तिने ते हलवलं. "माश्यांना गाडी करून माहेरी पाठवते ही!" तोडणकर घरात बडबडले. "उद्या ओटीसुद्धा भरेल."

"गरीब असतात त्या. उगाच कशाला मारायच्या?" अंबिका म्हणाली.

"तुला फार कळायला लागलं!"

सगळ्यात जास्त त्यांना एक फोटो डाचत होता. मेलानी फवारा मारतेय, आणि शेजारी निळ्या रेनकोटातलं दुसरं माणूस बॅटरी धरून उभं आहे. तोंडावर जाळी, कोपराला चौकड्याच्या कापडाचं ठिगळ. हा मेलानीचा नवरा एरिक, हे तोडणकरांनी ठरवूनच टाकलं. जोडीने उभे होते दोघं, आणि काय शांत उभे होते! तोडणकरांच्या बाजूला जन्मात कधी कुणी असं उभं राहिलं नव्हतं. तो फोटो मोठा करून करून ते बघत आणि जळत. "नवरा बॅटरी धरतो नि बायको माश्या मारते," त्यांनी अंबिकेला फोटो दाखवला. "काय दिवस आलेत!" अंबिकेने फोटोकडे बघितलं न बघितलं केलं आणि डाळीला फोडणी घातली. मग साडी सारखी करून ती देवळात आरतीला निघून गेली. हल्ली संध्याकाळची ती बऱ्याचदा देवळात जायची.

यंदा गणपती उठले आणि तोडणकरांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पोळं लागलं. घर तळमजल्याचं, खिडकी मागच्या हाऊसगल्लीत, दोन चाळींमधल्या बोळात उघडणारी. त्या घाणीत कोण कशाला जातंय? म्हणून कुणाला दिसलं नाही. दिसलं फक्त तोडणकरांना. ओरडून सांगायचं, की नाही? पण सांगितलं तर येणार कोण? ती येणार. त्यांच्या खिडकीखाली ती उभी राहणार, ग्रुपवर तिच्या नावाने अंगठे पडणार. ते काही तोडणकरांना सोसवणारं नव्हतं. त्यांनी खिडकी बंद केली, कडी घातली आणि दुकानातून धुरकट कागद आणून काचेवर चिकटवून टाकला. "ऊन येतं," असं बायकोला सांगितलं. हाऊसगल्लीत ऊन! अंबिका त्या भट्टीत घाम पुसत भाकऱ्या थापत राहिली.

शेवटी बांगड्यांनी घात केला. साफ करून ताटात ठेवलेल्या बांगड्यांवर दोन गांधीलमाश्या येऊन बसल्या. खिडकीच्या फटीतून आल्या होत्या. अंबिकेने ताटावर चाळण पालथी घातली, कागदाचं टोक उचलून बाहेर बघितलं, आणि नवऱ्याकडे वळली. छज्ज्याला भाकरीएवढं पोळं लोंबत होतं.

"कधीपासून आहे हे?"

तोडणकर टीव्ही बघत राहिले.

"अहो, तुम्हाला एक चावली तरी जीव जाईल. आणि तुम्ही ते घरात लपवून ठेवलंत? मेलानीला बोलावते मी."

"खबरदार!" तोडणकर उठून उभेच राहिले. "त्या पोरीने माझ्या खिडकीला हात लावायचा नाही. माझं पोळं मी काढणार. रविवारी सगळ्यांसमोर काढणार."

रविवारी पुनर्विकासाची मीटिंग होती आणि अख्खी चाळ अंगणात जमणार होती. तोडणकरांनी सगळं ठरवलं होतं. पेटता पलिता घेऊन भर मीटिंगमधून जायचं, जुनी आरोळी ठोकायची, नि मग बघायचं कोण कुणाला विसरतं ते. मरणाची भीती त्यांना वाटत नव्हती असं नाही. रात्री कुशीवर वळताना वाटायची. पण मेलानीचं नाव डोक्यात आलं की भीती मागे पडायची आणि नुसता जळफळाट उरायचा.

रविवारी संध्याकाळी अंगणात खुर्च्या लागल्या. तोडणकरांनी बांबूला फडकं गुंडाळलं, रॉकेलची बाटली काढली आणि दाराकडे वळले. दारात अंबिका उभी होती.

"सर बाजूला."

"नाही सरणार."

"अंबिके, लोक जमलेत."

"जमू देत. लोकांसाठी मरताय का तुम्ही? हे लोक बाराव्याला येऊन बुंदी खातील आणि जातील. मी काय करू?" तिचा आवाज चिरकला. तिने बांबू धरला आणि असा ओढला, की तो तोडणकरांच्या हातातून निसटूनच गेला.

"मग कोण काढणार? ती?"

"नाही. मी."

तोडणकरांना हसू आलं. पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही, कारण अंबिकेने तांदळाच्या डब्यामागे हात घालून एक निळा रेनकोट बाहेर काढला होता. ती बाह्या चढवत होती. कोपराला चौकड्याच्या कापडाचं ठिगळ होतं. ते कापड त्यांच्याच जुन्या लुंगीचं होतं.

"तू?" ते म्हणाले. "देवळात म्हणून..."

"जिन्याखालच्या पोळ्याच्या वेळी तिने विचारलं, बॅटरी कोण धरेल? कुणी पुढे होईना, म्हणून मी झाले. तुम्ही पांघरुणात होतात. मग दर वेळी गेले. हल्ली फवारासुद्धा मारते. सगळ्या चाळीला माहितीये." अंबिकेने पदर खोचला, रेनकोटाची बटणं लावली. "तुम्हाला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. तुम्ही किती जळता ते दिसतं ना लोकांना."

बाहेर मेलानी बॅटरी घेऊन थांबली होती. "काका, तुम्ही घरातच हां," ती मऊ आवाजात म्हणाली. "दाराला खालून टॉवेल लावा. काकू, पळायची वाट मोकळी केलीये मी. बादल्या बाजूला काढल्यात."

दोघी हाऊसगल्लीकडे गेल्या. तोडणकर स्वयंपाकघरात एकटे उरले. मीटिंगमध्ये कुणीतरी चटईक्षेत्राबद्दल तावातावाने बोलत होतं. दाराला टॉवेल लावून ते खिडकीपाशी आले. बाहेर काय चाललंय ते दिसेना, म्हणून स्वतःच चिकटवलेला कागद त्यांनी नखाने सोलायला घेतला. त्या ओढाताणीत सैल कडी निसटली.

संध्याकाळ विरत आली होती. पोळ्यावर माश्या दाटीने बसल्या होत्या. त्याच्या पलीकडे, भिंतीला पाठ न लावता, पाय रोवून अंबिका उभी होती, आणि बाजूने लाल उजेड धरून मेलानी. अंबिकेचा हात जरासुद्धा हलत नव्हता. एवढ्यात तिने काचेतून नवऱ्याकडे बघितलं आणि खिडकीचं दार पुरतं बसलेलं नाही हे तिला दिसलं. जाळीआडून तिने हळूच, पण ठाम आवाजात सांगितलं,

"अहो, खिडकी लावा आणि आत बसा."

तोडणकरांनी खिडकी दाबून लावली. कडी सरकवली. आत मात्र ते बसले नाहीत. काचेला नाक टेकवून बघत राहिले. फवाऱ्याची सरळ रेघ पोळ्यावर गेली, माश्या गळून पडायला लागल्या, आणि दोघी न धावता मागे सरत वळणाआड गेल्या. इतके दिवस ते मेलानीवर जळत होते. आता ते स्वतःच्या बायकोवर जळत होते, आणि ही आग त्या आगीहून कितीतरी जास्त होती, कारण हिला नावं ठेवायला त्यांना काही सापडत नव्हतं. आपण काचेच्या या बाजूला आहोत आणि ती त्या बाजूला, हे त्यांना सहन होत नव्हतं. इतकी वर्षं ती इथे कशी उभी राहिली असेल, हे पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं. जळणं मात्र थांबलं नाही.

सकाळी अंबिकेने पोळं खरवडून पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारून कचऱ्याच्या गाडीत टाकलं आणि हातपाय धुऊन ती घरात आली. तोडणकरांनी चहा केला होता. आलं जास्त पडलं होतं. कप हातात घेताना तिने बंद खिडकीकडे एकदा बघून घेतलं.

"काल खिडकी नीट लावली होतीत ना?" ती म्हणाली. "कडी?"

तोडणकरांनी आपला कप खाली ठेवला.

"कडीसुद्धा," ते म्हणाले.